आलूबोंडे संपले!

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि प्रत्येक तालुक्याच्या गावात एक तहसील, एक कोर्ट, एक एसटी स्टँड आणि एक हाटेल असतं. तशी हाटेलं पंचवीस-तीस असतात, पण 'हाटेल' एकच. "हाटेलात बसलो होतो" असं कुणी म्हटल्यावर "कोणत्या?" असं विचारायचं नसतं. विचारणारा माणूस नुकताच बदलून आलेला आहे हे सगळ्यांच्या लक्षात येतं, आणि त्या दिवशीच्या सगळ्यांच्या चहाचे पैसे त्याच्याकडे जातात.

या हाटेलाला नाव असतं, पण ते कुणाला ठाऊक नसतं. पाटीवर देवीचं नाव, परवान्यावर आजोबांचं, वीजबिलावर आजोबांच्याही आधीच्या घरमालकाचं, आणि लोकांच्या तोंडी आजोबांना कुणीतरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी ठेवलेलं नाव. बुढ्याचं हाटेल, टोपीवाल्याचं हाटेल, पहेलवानाचं हाटेल. मूळ पहेलवान कधीच गेलेला असतो. नातवाची छाती बत्तीस आणि चष्म्याचा नंबर चार, तरी गावाच्या लेखी तोही पहेलवानच. अन्नसुरक्षेचा कायदा आला, हाटेलाला चौदा आकडी नंबर मिळाला, तो नंबर फ्रेम करून लक्ष्मीच्या फोटोशेजारी लागला. पण तपासणीला आलेल्या साहेबाने चौकात पाटीवरचं नाव सांगून पत्ता विचारावा, तर माणसं गंभीरपणे मान हलवतात. "अशा नावाचं हाटेल आपल्या गावात नाई जी." सांगणारा त्याच हाटेलातून तोंड पुसत निघालेला असतो.

पाटीवर दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्थापनेचं साल. हे साल स्थिर नसतं. पाटी दर काही वर्षांनी नव्याने रंगते आणि दर रंगरंगोटीला हाटेल थोडं म्हातारं होतं. आजोबांच्या काळी पाटीच नव्हती. वडिलांनी पाटी केली तेव्हा पेंटरने विचारलं, साल काय टाकू? वडिलांनी आपलं जन्मसाल सांगितलं, कारण तेवढं एकच पाठ होतं. मुलाने 'स्वातंत्र्याच्या आधीपासून' असं घातलं. नातवाने संगणकावर बॅनर छापताना आणखी मागे नेलं. हीच चाल राहिली तर आणखी दोन बॅनरमध्ये हाटेल रेल्वेच्याही आधीचं ठरेल, आणि ते मात्र कुणी मान्य करणार नाही. कारण आमच्याकडच्या हाटेलांचा वंश रेल्वेपासूनच सुरू होतो.

त्याचं असं झालं. वऱ्हाड निजामाकडून कायमच्या भाडेपट्ट्याने घेण्याचा करार लॉर्ड कर्झनने १९०२ साली उरकला आणि पुढच्याच वर्षी मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची गाडी धावू लागली. विलायतेतल्या गिरण्यांना कापूस पाहिजे होता म्हणून गाडी आली, आणि गाडी आली म्हणून माणसं फलाटावर बसून राहू लागली. बसून राहिलेल्या माणसाला भूक लागते. या एका तत्त्वावर आमच्या जिल्ह्यातली अर्धी हाटेलं उभी आहेत. उरलेली अर्धी एसटी स्टँडसमोर आहेत, पण तत्त्व तेच.

ही गाडी म्हणजे शकुंतला. तिची मालकी किलिक-निक्सनच्या कंपनीकडे. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारजमा झाली, ही तेवढी राहून गेली. १९२१ साली मँचेस्टरला घडवलेलं वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत तिला ओढत होतं. गाडी इतकी सावकाश, की दारव्ह्याला उतरून, बोंडा खाऊन, चहा पिऊन, मालकाशी भांडून माणूस पुन्हा चालत्या गाडीत चढत असे, असं जुनी माणसं सांगतात. सांगणारा प्रत्येक जण हे स्वतः केल्याचं सांगतो, तेव्हा त्यातली भांडणाची बाब तरी खरी असावी. आता ती गाडी बंद आहे. वर्ध्याकडून मोठ्या रुळांची गाडी २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत पोचली. कळंबला चिंतामणी गणपती आहे, त्यामुळे पुढचं काम लवकर होईल अशी आशा करायला निदान जागा मिळाली. तिकडे हाटेलवाले अजून सावध आहेत. "जोरात जाणाऱ्या गाडीत गिऱ्हाईक उतरत नाई," असं त्यांचं म्हणणं.

मूळ हाटेल म्हणजे काय होतं? एक भट्टी, एक कढई, एक फळकुट आणि ते ज्यावर टेकलेलं असे ते तेलाचं पिंप. फळकुटाच्या आत उभा राहील तो मालक आणि बाहेर उभा राहील तो गिऱ्हाईक, एवढाच फरक. बाकडी पुढे आली, टेबलं त्याच्याही पुढे आली, पंखा तर तिसऱ्या पिढीत आला आणि तो आजही फक्त गल्ल्यावर फिरतो. चांगल्या घरचा माणूस हाटेलात खातो म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा गंभीर होता. पुण्यात १८९० साली टिळक-रानड्यांनी मिशनऱ्यांकडे चहा घेतला तर केवढं ग्रामण्य झालं. आमच्याकडे ग्रामण्य करायला कुणाला सवड नव्हती. कापूस वेचणीला आला होता.

फळकुटाबाहेर उभं राहण्याचीही सगळ्यांना सारखी मुभा नव्हती, ही गोष्ट मात्र कुठल्याच पाटीवर नसते. काहींचे कप बाहेर खिळ्याला वेगळे टांगलेले असत, ते पिणाऱ्यानेच धुऊन पुन्हा टांगायचे. संविधान लिहिणाऱ्यांना गावात हाटेल काय चीज आहे हे नेमकं ठाऊक होतं. पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन सांगितलंय, की इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान बघून कुणाला अडवायचं नाही. १९५५ साली त्यावर स्वतंत्र कायदाही झाला. आज कुठल्याही जुन्या हाटेलाच्या मालकाला विचारा, तो ठामपणे सांगतो, "आमच्याकडं असं कधीच नव्हतं जी." सगळ्याच हाटेलांत नव्हतं. मग एवढा कायदा कुणासाठी करावा लागला, कोण जाणे.

पुढे देशावर धान्याची वेळ आली. १९६५ साली शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ उपाशी राहायला सांगितलं आणि सोमवारी संध्याकाळी हाटेलं बंद राहू लागली. आमच्याकडे निम्मं गाव आधीच सोमवार करत होतं. त्यांनी जे जेवण महादेवाला दिलं होतं तेच शास्त्रीजींनाही दिलं. दोघांनीही तक्रार केली नाही.

पण हाटेलाच्या इतिहासात खरं सुवर्णयुग आलं ते १९७२ च्या हंगामापासून. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आमच्याच पुसदकडच्या गहुलीचे. त्यांच्या सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. म्हणजे कापूस विकायचा तो सरकारलाच, पणन महासंघाच्या केंद्रावर. उद्देश शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवण्याचा. शेतकरी व्यापाऱ्याच्या तावडीतून सुटला आणि रांगेत अडकला. केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागे ती जिनिंगच्या फाटकापासून थेट गावाबाहेर. कधी बारदाना नाही, कधी जागा नाही, कधी ग्रेडर आलेला नाही, आणि आला तर त्याला तुमचा कापूस पिवळा दिसतो. गाडीत कापूस, गाडीखाली बैल, बैलांच्या बाजूला मालक, अशा रात्री काढायच्या.

आणि रांगेच्या मध्यावर हाटेल.

त्या काळात हाटेल पहाटे चारला पेटायचं ते मध्यरात्री विझायचं. सकाळी पोहे आणि त्यावर लाल तर्री. दहाला आलूबोंडे, बशीत फोडून वर रस्सा, कच्चा कांदा, मूठभर शेव. दुपारी ज्याला पोटाला हवं त्याला झुणका-भाकर नाहीतर पातोडीचा रस्सा. संध्याकाळी मिरचीचे भजे. रात्री पुन्हा पोहे, कारण रात्री काय खावं याचा विचार तेव्हाही कुणी केलेला नव्हता. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला तो रस्सा आधी कानातून लागे, मग जिभेला. डोळ्यांतून पाणी आलं की ते ग्रेडरमुळे की मिरचीमुळे हे सांगायची गरज पडत नसे.

पैसे? पैशांचं असं की ते नसायचे. कापूस दिला की चुकारा मिळायचा, पण चुकारा हप्त्यांनी, आणि त्यातून सोसायटीचं कर्ज आधीच कापलेलं. तोपर्यंत सगळा जिल्हा एका वाक्यावर चालत होता: "चुकारा भेटला का देतो." किराणावाला, कापडवाला, डॉक्टर, मुलीचं लग्न ठरवणारा मध्यस्थ, सगळ्यांना हेच वाक्य. पण बाकीच्यांना ते मान खाली घालून सांगावं लागे, हाटेलात मात्र खात खात सांगता येई. गल्ल्यामागे 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी होती आणि त्या पाटीला टेकून उधारीची वही उभी असायची. पाटी वहीला आधार देण्यासाठीच होती.

ही वही म्हणजे गावाचा खरा इतिहास. तीत कुणाचं आडनाव नसे. 'लाल बैलवाला', 'बोरीवाले गुरुजी', 'तहसीलचा उंच शिपाई', 'ज्याची म्हैस वारली तो'. रक्कम मात्र नवा पैसा न चुकता. पोळ्याला जुनी वही बंद करून नवी उघडायची पद्धत, पण जुनी फेकायची नाही. एका वहीतला माणूस वारला तर त्याच्या नावापुढे मालक स्वतःच्या हाताने शून्य लिहायचा. असं कुणी सांगितलं की ऐकणाऱ्याचा गळा दाटून येतो. मी चौकशी केली. शून्य लिहीत, हे खरं. पण तेराव्यानंतर, आणि थोरला मुलगा नाही म्हणाला तरच.

या योजनेतून कापूस चोरटा बाहेरही जाई. पलीकडच्या राज्यात भाव चढला की गाड्या रात्री सीमेकडे वळत, तिकडे उतरला की उलट इकडे येत. पाटणबोरीच्या बाजूला पैनगंगा ओलांडली की तेलंगण, तेव्हाचं आंध्र. त्या वाटेवरची हाटेलं दोन्ही दिशांच्या गिऱ्हाइकांना सारख्याच इमानाने चहा पाजत आणि पोलिसांनाही. कुणी कुणाला ओळख दाखवायची नाही, एवढाच नियम. २००२ च्या सुमाराला खासगी व्यापाऱ्याला मोकळीक मिळाली, सरकारी रांग ओसरली, त्याच वर्षी बीटी बियाण्याला परवानगी मिळाली. त्यानंतर या जिल्ह्याचं नाव देशभर ज्या कारणाने गाजलं ते सगळ्यांना माहीत आहे. वहीत शून्यं वाढली. तेव्हा मात्र थोरल्या मुलाला कुणी विचारत नसे.

जिल्हा एवढा लांबरुंद, की हाटेलाची चव दर तीस-चाळीस कोसांवर बदलते. वणीकडे कोळशाच्या खाणी; तिथल्या हाटेलाचं घड्याळ पाळीप्रमाणे चालतं आणि तिथे नाश्ता कुणाचा आणि रात्रीचं जेवण कुणाचं हे एकाच बाकड्यावर चाललेलं असतं. पांढरकवड्याकडे इडली येते आणि तिच्याबरोबर तेलुगू येते. मालक दोन्ही वाढतो. पुसदकडे गोरमाटी बोलीत ऑर्डर घेता आली पाहिजे, आणि दोन मुख्यमंत्र्यांचा तालुका म्हणून सल्ला फुकट द्यायची तयारी पाहिजे. उमरखेडचं हाटेल मराठवाड्याकडे तोंड करून बसलेलं. कळंब-राळेगावची गोष्ट वेगळीच. पलीकडे वर्धा जिल्हा, गांधीजींमुळे कोरडा. त्यामुळे अलीकडच्या काठावर 'जेवायला' येणाऱ्यांची संख्या नेहमीच डोळ्यांत भरण्याजोगी. एवढ्या लांबून निव्वळ भाजी-भाकरीसाठी माणसं येतात हे पाहून पाहुण्यांना वऱ्हाडी स्वयंपाकाचं मोठं कौतुक वाटतं.

उन्हाळ्याचं एक सांगायलाच हवं. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर, रस्त्याचं डांबर चपलेला लागतंय, अशा वेळी शहाणा माणूस ताक पितो. आमचा माणूस हाटेलात जाऊन उकळता चहा आणि कढईतून काढलेला बोंडा मागवतो आणि "लय गरम होऊन रायलं" असं म्हणतो. मालक बनियनमध्ये. चड्डी की लुंगी हे फळकुटामुळे कुणी आजवर पाहिलेलं नाही. पाण्याचा ग्लास न मागता पुढे येतो, हा हाटेलाचा धर्म. यवतमाळ शहरात २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा-चापडोहची धरणं तळाला गेली, नळ आठवडे-आठवडे येईनात, टँकरमागे माणसं पळत होती, तरी हाटेलात ग्लास पुढे येत होता. फक्त अर्धा. कुणी पुरा मागितला तर मालक त्याच्याकडे असा बघायचा, की तो उरलेला अर्धाही ठेवून उठायचा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. असं हाटेल तीन-तीन पिढ्या टिकतं ते कशावर? बाहेरचा माणूस म्हणेल चवीवर. चूक. ते एका शब्दावर टिकतं, आणि तो शब्द आहे 'संपले'.

दुपारचा दीड वाजलेला असतो. कोर्टाची सुटी झालेली, एसटी लागलेली, बाकड्यावर बारा जण आणि त्यांच्या मागे उभे वीस. नेमक्या त्याच वेळी मालक झारा आपटतो आणि जाहीर करतो, "आलूबोंडे संपले!" त्याच्या चेहऱ्यावर अशा वेळी जे तेज चढतं ते मुलगा बारावीत पहिला आला तेव्हाही चढलेलं नसतं. गिऱ्हाईक विनवतं, "एक घाणा काढा न जी." नाही. "पीठ तर दिसून रायलं." ते उद्याचं. "बटाटे आहेत." असू द्या. व्यवस्थापनशास्त्र शिकलेल्या माणसाला इथे फेफरं येईल. मागणी आहे, माल आहे, कढई तापलेली आहे, आणि हा माणूस गल्ल्याला कुलूप लावून घरी झोपायला निघाला. पण त्या वीस माणसांपैकी अठरा उद्या एकला येऊन बसणार आहेत. उरलेले दोघे साडेबाराला.

याच्या उलट उदाहरण आमच्या विदर्भातच आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला शेगावच्या स्टेशनवर कचोरी विकायला घेतली. मुंबई-नागपूर लोहमार्ग, संत गजानन महाराजांचं गाव, दर गाडीला भाविक. कचोरी म्हणजे वर तळलेली हिरवी मिरची, सोबत दुसरं काही नाही, आणि प्रवासात दिवसभर टिकणारी. नातवांच्या पिढीपर्यंत शेगाव कचोरीच्या पाट्या राज्यभर झळकू लागल्या. आता पुण्यात ज्याला शेगाव कुठे आहे हे सांगता येत नाही तोही शेगाव कचोरी खातो. ही गोष्ट आमच्या हाटेलवाल्याला सांगून पाहा. तो शांतपणे ऐकतो, कपाळावरचा घाम पुसतो आणि विचारतो, "मग आता शेगावच्या दुकानी कोन बसते?" त्याच्या मते धंदा वाढवणं म्हणजे रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला सावलीत जाणं, आणि तेही आजोबांनी केलं नाही म्हणून यानेही केलेलं नाही.

तिसरी पिढी मात्र शिकून आली आहे. नातवाने पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं. घरच्यांना वाटलं, चला, धंद्याचंच शिकतो आहे. चार वर्षांनी तो आला तो एक मेन्यूकार्ड घेऊन. त्यावर पनीर होतं, मंचुरियन होतं, 'आलूबोंडा विथ स्पायसी ग्रेव्ही' होता आणि त्यापुढे जी किंमत होती ती वाचून बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्याने मालकाला विचारलं, "यात कढई बी भेटते का?" मेन्यूकार्ड आता पोरांच्या वह्यांना कव्हर म्हणून उपयोगी पडलं आहे. नातवाचा एक बदल मात्र टिकला. गल्ल्यावर मोबाइलने पैसे घ्यायची पेटी आली. पैसे आले की आतून एक बाई मोठ्याने रक्कम सांगते. सुरुवातीला आजोबा प्रत्येक वेळी "हो बाई" म्हणायचे. मग त्यांच्या लक्षात आलं, की ही बाई उधारीचं नाव घेत नाही. तेव्हापासून त्यांचं तिच्याबद्दल मत फार चांगलं आहे. सुनांना ते तिचा दाखला देतात.

कागदाचीही गोष्ट तशीच. बोंडा बांधून द्यायचा तो रद्दीत. यवतमाळात साप्ताहिक म्हणून वाढलेला 'लोकमत' १९७१ साली नागपुरातून दैनिक झाला आणि आमच्या हाटेलांची बांधणीची सोय रोजची झाली. तेलाने पारदर्शक झालेला अग्रलेख दोन्ही बाजूंनी एकदम वाचता यायचा. या पानावरची टीका आणि मागच्या पानावरची लग्नाची जाहिरात मिसळून एक तिसराच, बऱ्याचदा अधिक पटणारा मजकूर तयार व्हायचा. मग अन्नसुरक्षावाल्यांनी सांगितलं, छापील कागदात खाद्यपदार्थ देऊ नका, शाई पोटात जाते. बरोबरच आहे. पण गावातला वाचकवर्ग एका फटक्यात निम्मा झाला, याची नोंद कुणी घेतली नाही.

वाचनाचा विषय निघालाच आहे तर साहित्याचंही सांगतो. अखिल भारतीय साहित्य संमेलन यवतमाळला दोनदा झालं. १९७३ साली गदिमा अध्यक्ष होते. २०१९ साली अरुणा ढेरे. दुसऱ्या वेळी उद्घाटनाचं आमंत्रण नयनतारा सहगल यांना देऊन मागे घेतलं गेलं, देशभर वादळ झालं, लेखकांनी बहिष्कार घातले, आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे या शेतकरी महिलेनं, आमच्याच कळंब तालुक्यातल्या. हाटेलात या सगळ्यावर चार दिवस चर्चा झाली. लोकशाही, अभिव्यक्ती, साहित्यिकाचा कणा, सगळं झालं. पाचव्या दिवशी खरा प्रश्न कुणीतरी विचारला: "जेवनाचं कंत्राट कोनाले होतं?"

चर्चा हा हाटेलाचा मुख्य पदार्थ. बोंडा तोंडी लावायला. २०१४ च्या मार्चमध्ये नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीला येऊन शेतकऱ्यांशी 'चाय पे चर्चा' करून गेले. टीव्हीवाले आले, मोठमोठे पडदे लागले. आमच्या हाटेलातल्या कायम गिऱ्हाइकांना यात नवीन काय आहे ते कळेना. ते तीस वर्षं हेच करत होते, फक्त त्यांचा चहा उधारीचा होता. त्याआधी राहुल गांधींनी जळक्याच्या कलावतीबाईंचं नाव लोकसभेत घेतलं तेव्हाही हाटेलात असंच म्हणणं पडलं, की येणारा प्रत्येक मोठा माणूस इथल्या घरी जातो, शेतात जातो, पण फळकुटाबाहेर उभा राहून कुणी खात नाही. खाल्लं असतं तर जिल्ह्याचं निम्मं दुःख त्याला तिखटासकट कळलं असतं.

बाकी राहिला मसाला. तर्रीचा मसाला हे प्रत्येक जुन्या हाटेलाचं गुपित. कुणी विचारलं की मालक हसतो, वर बघतो आणि म्हणतो, "आमच्या आबाजीच्या हातचा गुन हाय." वर्तमानपत्राचा वार्ताहर आला तर त्यालाही हेच. दिवाळी अंकवाला आला तर त्यालाही. फोटोत आबाजी, मालक आणि नातू अशा तीन पिढ्या कढईमागे उभ्या राहतात, मधल्याच्या हातात झारा. फोटो छान येतो.

हाटेलाच्या मागच्या बाजूला एक दार असतं. त्याच्या पलीकडे घर. घरात मालकाची आई, म्हणजे सगळ्यांची माय. वय ऐंशीच्या पुढे. तिच्यासमोर मिरच्यांची रास, धने, खोबरं, दगडफूल, आणखी दोन-तीन पुड्या ज्या ती पदराखाली ठेवते. लग्न होऊन आली त्या वर्षीपासून मसाला तिचाच. त्याआधी तिच्या सासूचा. आबाजी आयुष्यभर गल्ल्यावर बसले आणि त्यांना जिऱ्यातलं आणि शोपेतलं अंतर अजूनही कळलेलं नाही. पाटीवर माय नाही, परवान्यावर नाही, फोटोत नाही. सरकारी फॉर्मवर तिचा धंदा 'घरकाम' असा लिहिलेला आहे. नातवाने एकदा वजनकाटा घेऊन तिच्याजवळ बसून सगळं मोजून लिहून घ्यायचं ठरवलं. तिने मोठ्या प्रेमाने मोजू दिलं. त्या कागदाबरहुकूम केलेला रस्सा गिऱ्हाइकांनी अर्धा ठेवला. "पोरगं मोजत होतं तवा पुड्या सोडाले इसरली वाटते मी," एवढंच माय म्हणाली.

मालक गावात कुणाचं ऐकत नाही. तहसीलदाराला त्याने 'संपले' म्हणून परत पाठवलं आहे, आमदाराला पाठवलं आहे, जावयालाही एकदा पाठवलं. पण मागच्या श्रावणात सुनेशी काहीतरी बिनसलं आणि माय मसाला न करता पोथी घेऊन बसली. सकाळचे सात. पोह्यांवर तर्री नाही. बाकडी भरलेली. मालक मागच्या दारात जाऊन उभा राहिला, झारा हातातच.

"माय, मसाला दे वं. लोकं बसले हायेत."

मायने पान उलटलं.

"संपला," ती म्हणाली.